सर्वसाधारण जागेवर नगरसेविका: तिकिटाच्या चार महिन्यांचे एक प्रकरण

हे प्रकरण फेब्रुवारी २०१७ च्या महापालिका निवडणुकांच्या वेळचे आहे. शहर, पक्ष आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील मिसळले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतले महिला आरक्षण ५० टक्क्यांवर नेले. फेब्रुवारी २०१२ च्या महापालिका निवडणुका त्यानुसार झाल्या. या शहरात तेव्हा दोन सदस्यांचे प्रभाग होते. त्यातल्या एका प्रभागात एक जागा ‘सर्वसाधारण महिला’ अशी निघाली. पक्षाचा एक कार्यकर्ता तिथे बरीच वर्षे तयारीत होता. जागा महिलेला गेल्यावर त्याने पत्नीचा अर्ज भरला आणि त्या निवडून आल्या. प्रभागात त्यांना ताई म्हणतात, इथेही तसेच म्हटले आहे.

पहिले वर्ष नेहमीच्या वळणाने गेले. अधिकाऱ्यांचे फोन नवऱ्याला, पक्षाच्या बैठकीचे निरोप नवऱ्याला, आणि सर्वसाधारण सभेत ताई हजेरीची सही करून मागच्या बाकावर. फरक पडला तो ड्रेनेजच्या एका कामामुळे. ‘मंजूर आहे’ असे दीड वर्ष ऐकवले जात होते आणि रस्त्यावर काहीच दिसत नव्हते. ताईंनी फाइलचा माग काढला. अंदाजपत्रकात तरतूद होती, पण तांत्रिक मान्यतेनंतर फाइल पुढे सरकलीच नव्हती. प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश हे सगळे बाकी होते. तेव्हापासून त्यांनी तक्रारींची वही ठेवली. तारीख, गल्ली, नाव, फोन, काम कोणत्या टेबलावर आहे आणि कधी झाले, एवढे रकाने. चौथ्या वर्षाअखेर वहीत अडीच हजारांच्या आसपास नोंदी होत्या, चाळीसेक बचत गटांशी नियमित संबंध होता आणि सोळा जणांच्या स्थायी समितीत त्या दोन वर्षे बसल्या होत्या.

नवऱ्याने मधल्या काळात दुकानात लक्ष घातले. त्याने आडकाठी केली नाही. ही बाब जमेची धरायला हवी, कारण बहुतेक ठिकाणी पहिली लढाई घरातच होते.

अडचण

२०१७ साठी मुंबई वगळता महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग आले. ताईंच्या जुन्या प्रभागाचा बराचसा भाग नव्या प्रभागात आला, पण नव्या ३० मतदान केंद्रांपैकी ती केंद्रे फक्त ११. उरलेल्या १९ केंद्रांत त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. लोकसंख्या १९ हजारांवरून ३८ हजारांवर गेली, मतदार सुमारे २६ हजार.

ऑक्टोबर २०१६ मध्ये आरक्षणाची सोडत झाली. चार सदस्यांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या, एवढे ठरलेले असते. कोणत्या दोन, ते सोडतीतून निघते. या प्रभागात ‘अ’ जागा अनुसूचित जातीसाठी आणि ‘ब’ नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी (ओबीसी) होती. चिठ्ठीत या दोन्ही महिलांसाठी निघाल्या. महिलांचा वाटा तिथेच पूर्ण झाला, म्हणून ‘क’ आणि ‘ड’ नुसत्या सर्वसाधारण राहिल्या. ताई खुल्या प्रवर्गातल्या. त्यामुळे ‘अ’ आणि ‘ब’ त्यांना बंद, आणि ‘क’ किंवा ‘ड’ वर उभे राहायला कायद्याची कसलीच हरकत नाही.

पक्षाने वेगळा अर्थ लावला. त्याच संध्याकाळी शहराध्यक्षांचा फोन आला, तोही नवऱ्याला: “वहिनींची जागा गेली. आता तुमचं काय ते सांगा.” प्रभागातले माजी नगरसेवक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते ‘क’ वर येणार हे धरूनच चालले होते. ‘ड’ वर आण्णांना पुतण्या हवा होता. शहराध्यक्षांनी मात्र ती जागा दुसऱ्या पक्षातून येऊ घातलेल्या एका वजनदार माणसासाठी राखली होती. ‘चारात दोन बायका आल्याच आहेत, तिसरी कशाला?’ हे वाक्य पुढचे तीन महिने वेगवेगळ्या तोंडून ऐकू आले.

याला नुसता आकस म्हणून सोडून देता येत नाही, त्यामागे हिशेब आहे. निम्म्या जागा महिलांना गेल्या की सगळे जुने पुरुष इच्छुक उरलेल्या निम्म्या जागांवर दाटीवाटी करतात. एकेका सर्वसाधारण जागेला पाच-सहा दावेदार. त्यातल्या एखाद्याला डावलले तर तो बंडखोरी करेल किंवा निदान कुणाला तरी पाडेल, ही भीती शहराध्यक्षाला असते. बाईला डावलले तर ती दोन दिवस नाराज होईल आणि मग प्रचाराला येईल, हा अनुभव. जिथे आरक्षण नाही तिथे हाच हिशेब वरपर्यंत चालतो: २८८ जणांच्या विधानसभेत २०१९ मध्ये २४ महिला निवडून आल्या आणि २०२४ मध्ये २१.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा दिसणारा पर्याय शेजारच्या प्रभागाचा होता. शहराच्या मतदार यादीत नाव असले की कोणत्याही प्रभागातून उभे राहता येते. सूचक आणि अनुमोदक तेवढे त्या प्रभागातले लागतात. शेजारी ‘सर्वसाधारण महिला’ जागा होती आणि ताईंच्या जुन्या भागातली चार केंद्रे तिकडेच गेली होती. पण तिथे याच पक्षाची विद्यमान नगरसेविका होती. पक्षाने ताईंना तिकडे पाठवण्याची तयारी दाखवली, याचा अर्थ एका नगरसेविकेचा पत्ता दुसऱ्या नगरसेविकेकडून कापायचा आणि दोन्ही सर्वसाधारण जागा मोकळ्या ठेवायच्या. ताईंनी हा पर्याय पहिल्याच आठवड्यात सोडला. मतांच्या हिशेबाने तो सर्वांत सुरक्षित होता, हे इथे नोंदवायला हवे.

दुसरे आमिष स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमल्या जाणाऱ्या, सदस्यत्वाचे. तेव्हा अख्ख्या महापालिकेत स्वीकृत सदस्य पाच, तेही पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जाणारे. त्यांना सभेत बोलता येते, मतदान करता येत नाही. शिवाय डॉक्टर, वकील, अभियंता, नोंदणीकृत सामाजिक संस्थेचा अनुभवी पदाधिकारी अशा ठरावीक पात्रता लागतात. ताई यातल्या कशातच बसत नव्हत्या, आणि हेच आश्वासन शहरात आणखी निदान पाच-सहा जणांना दिलेले होते. महिला आघाडीचे शहरपद हाही प्रस्ताव आला. त्यासाठी नगरसेवकपद सोडायची काहीच गरज नसते, म्हणून तो मोबदला म्हणून मोजण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या पक्षाची दारे उघडी होती. दोघांनी निरोप पाठवले. अडचण १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याची, म्हणजे नगरसेवकांच्या पक्षांतरबंदीची. ताईंच्या नगरसेवकपदाची मुदत मार्च २०१७ पर्यंत होती; नगरसेवक असताना दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर अर्ज भरला तर मूळ पक्ष सोडला असे धरले जाऊ शकते. म्हणून आधी राजीनामा, मग प्रवेश, असा क्रम पाळावा लागतो. राजीनामा दिला की हातातली मार्गी लागलेली कामे दुसऱ्याच्या नावावर जातात. बरे, नवा पक्षही ‘ड’ देणार की ऐनवेळी फिरवणार, याची हमी कोणाकडेच नव्हती.

अपक्ष लढणे चार सदस्यांच्या प्रभागात फार महाग पडते. मतदाराला चार जागांसाठी चार बटणे दाबायची असतात आणि चारही जागांवर पक्षाचे चिन्ह एकच असते. अपक्षाचे चिन्ह अर्ज माघारीनंतर मिळते, म्हणजे मतदानाला दोन आठवडेही उरलेले नसतात. तेवढ्यात २६ हजार मतदारांना ‘तीन तिकडे, चौथे इकडे’ हे शिकवणे ज्याच्याकडे पैसा आणि प्रत्येक केंद्रावर माणसे आहेत त्यालाच जमते.

उरला तो पक्षाकडेच सर्वसाधारण जागा मागण्याचा. ताईंनी तो घेतला आणि दुसऱ्या पक्षाचे निरोप नाकारलेही नाहीत, स्वीकारलेही नाहीत.

काय केले

पहिले तीन आठवडे काहीच केले नाही. शहराध्यक्ष ‘दिवाळीनंतर बसू’ म्हणाले आणि ताई थांबल्या. या काळात आण्णांनी ‘क’ साठी पक्षाच्या प्रदेश कार्यालयाकडून शब्द घेऊन ठेवला.

दिवाळीनंतर कामाला वेग आला तो यादीपासून. नव्या प्रभागाची मतदार यादी केंद्रनिहाय लावून तक्रारवहीतली नावे तिच्यावर चढवली. जुन्या ११ केंद्रांत निम्म्याहून जास्त घरांशी कधी ना कधी काम पडलेले निघाले. नव्या १९ केंद्रांत ओळख नगण्य. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि बचत गटांच्या पेटीतल्या रोकडीचा प्रश्न आला. ताईंनी गटांची खाती, पॅन, बँकेतल्या रांगा याची कामे अंगावर घेतली. त्या निमित्ताने नव्या भागातल्या गटांशी संबंध जुळला. डिसेंबरअखेर १९ पैकी सात केंद्रांत बसायला-बोलायला घर मिळाले होते. हे ठरवून झाले नाही, पण हाताशी यादी नसती तर या ओळखीचा मतांसाठी काही उपयोग करता आला नसता.

मग त्या ‘अ’ आणि ‘ब’ च्या संभाव्य उमेदवारांकडे गेल्या, पक्षाने अधिकृतपणे बोलावण्याआधीच. दोघी नवख्या. ‘ब’ ची उमेदवार नव्या भागातली होती, तिला महापालिकेचे काम माहीत असलेले कोणी तरी पॅनेलमध्ये, म्हणजे प्रभागातल्या पक्षाच्या चार उमेदवारांत, हवे होते. आण्णांच्या पॅनेलमध्ये आपण फक्त राखीव जागा भरायला आहोत, हे दोघींनाही कळत होते. तिघींनी पक्षाच्या निरीक्षकांना एकत्र भेटून सांगितले की चौथा कोणीही द्या, आमचे तिघींचे पॅनेल ठेवा. चार महिन्यांत पक्षावर खरा दबाव पडला तो याच भेटीने. राखीव जागांवरच्या उमेदवारांना नाराज करणे पक्षाला परवडत नव्हते. त्यांच्या जागी बदली उमेदवार मिळत नसतात, जात प्रमाणपत्र, पडताळणी सगळे तयार असलेली बाई शेवटच्या आठवड्यात कुठून आणणार?

इच्छुकांच्या मुलाखतीत ताईंना विचारलेले पहिले दोन प्रश्न असे: खर्च किती करणार, आणि साहेब काय करतात. त्यांनी दोन पानी कागद पुढे केला. २०१२ ची केंद्रनिहाय मते, झालेली कामे आणि त्यांची रक्कम, केंद्रनिहाय संपर्काची संख्या, ३० पैकी २२ केंद्रांवरच्या प्रतिनिधींची नावे. निरीक्षकाने कागद ठेवून घेतला. त्यावर मागणी लिहिली होती ‘क किंवा ड’. याबद्दल पुढे.

११ जानेवारीला आचारसंहिता लागली आणि संक्रांत तीन दिवसांवर होती. हळदीकुंकवाचे सहा कार्यक्रम ठरले होते, वाणाच्या वाट्या घेऊन झाल्या होत्या. आचारसंहितेत मतदारांना वाण वाटणे म्हणजे वस्तू वाटणेच. विरोधकांनी एक फोटो काढला की तक्रार. कार्यक्रम रद्द केले, वाट्या घरातच राहिल्या. त्याऐवजी ताई इतरांच्या घरच्या हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून रिकाम्या हाताने जात राहिल्या, आणि त्यात माणसे जास्त भेटली.

२६ जानेवारीला शिवसेनेने युती तोडल्याचे जाहीर केले. सगळ्याच पक्षांना अचानक जास्त उमेदवार लागू लागले. ‘ड’ वर येणारा पाहुणा त्याच्या मूळ पक्षाने तिकीट दिल्यामुळे तिथेच थांबला. जागा मोकळी झाली. आण्णांचा पुतण्या आणि ताई असे दोनच उरले. तिघींच्या भेटीमुळे आणि त्या दोन पानी कागदामुळे पारडे ताईंकडे झुकले.

एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, मात्र अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दीडनंतर हातात आला. मुदत तीनची. उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरून, छापील प्रत सही करून आदल्या दिवशीच दाखल केली होती, म्हणून निभावले. फॉर्म उघडला तर प्रभाग क्रमांक बरोबर, जागा ‘ड’ ऐवजी ‘क’. तसाच दिला असता तर ताई आणि आण्णा एकाच जागेवर पक्षाचे उमेदवार ठरून दोघांचेही त्रांगडे झाले असते. अधिकृत पदाधिकारी शहराच्या दुसऱ्या टोकाला. झेरॉक्स किंवा शिक्का नको, शाईची सही हवी. नवा फॉर्म पावणेतीनला जमा झाला.

पुतण्याने ‘ड’ वर अपक्ष अर्ज भरला. ‘त्याला बसवतो’ असे आण्णा आणि शहराध्यक्ष दोघेही म्हणाले. माघारीची वेळ टळून गेली आणि तो बसला नाही.

निकाल

मतदान २१ फेब्रुवारीला, मोजणी २३ ला. मतदान ५८ टक्के, सुमारे १५ हजार. पॅनेलच्या अ, ब, क या तिन्ही जागा निवडून आल्या: ६,५००, ६,१०० आणि आण्णांना ६,३००. ‘ड’ वर ताईंना ५,०००, विरोधी पक्षाच्या उमेदवाराला ५,४००, पुतण्याला १,७००. ताई चारशे मतांनी पडल्या.

शहरात चर्चा झाली ती ‘सर्वसाधारण जागेवर बाई चालत नाही’ अशी. केंद्रनिहाय आकडे तसे सांगत नाहीत. जुन्या ११ केंद्रांत ताईंना पॅनेलच्या सरासरीपेक्षा दीडशे मते जास्त होती. नव्या दहा केंद्रांत त्या साडेचारशेने मागे पडल्या. तिथे ओळखच कमी होती, तेवढी घट समजण्यासारखी आहे. उरलेली नऊ केंद्रे आण्णांच्या प्रभावाखालची. तिथे पॅनेल चांगले चालले आणि ताई हजार मतांनी मागे. पुतण्याची १,७०० पैकी १,२०० मते याच नऊ केंद्रांतली. तीन मते पक्षाला आणि चौथे पुतण्याला, हे तिथे घरोघर सांगितले गेले होते. त्या नऊ केंद्रांवर पॅनेलचे मतदान प्रतिनिधी, स्लिपा वाटणारे, नमुना मतपत्रिका दाखवणारे सगळे आण्णांनी दिलेले होते.

निकालानंतर पक्षाने महिला आघाडीचे पद पुन्हा देऊ केले. ताईंनी ते घेतले, अट घालून: नव्या १९ केंद्रांच्या समित्यांत निम्म्या महिला आणि त्यांची नावे आघाडी ठरवणार. नऊ केंद्रांत ती अट आजही कागदावर आहे.

कुठे वेगळे वागता आले असते

सोडतीनंतरचे तीन आठवडे सगळ्यात महाग पडले. सोडत निघते त्याच दिवशी सर्वसाधारण जागांची वाटणी मनात सुरू होते, मुलाखती होतात तेव्हा ती जवळपास संपलेली असते. पहिल्या आठवड्यात शहराध्यक्ष, निरीक्षक आणि प्रदेश कार्यालय तिघांनाही लेखी मागणी गेली असती तर ‘वहिनींची जागा गेली’ हे वाक्य तरी पक्षात रूढ झाले नसते. फोन नवऱ्याला आला तेव्हा त्याने तो तिथेच ताईंच्या हातात द्यायला हवा होता. त्याने आधी ऐकून घेतले आणि मग सांगितले. शहराध्यक्षांनी त्यावरून घर अजून ठरवते आहे असा निष्कर्ष काढला.

‘क किंवा ड’ ही मागणी समजूतदार वाटते, पण तिने निवड पक्षाच्या हाती दिली. ‘क’ मागितली असती तर सामना आण्णांशी झाला असता आणि कदाचित तिकीटच मिळाले नसते. फक्त ‘ड’ मागून तिथला पुतण्याचा दावा जानेवारीत उघडपणे निकाली काढायला लावणे शक्य होते. दोन्ही पर्याय खुले ठेवल्याने पुतण्याही शेवटपर्यंत आशेवर राहिला, आणि शेवटच्या दिवशी डावललेला माणूस सहसा बसत नाही.

माघारीबाबत तोंडी शब्दावर विसंबणे चुकले. ज्यांच्या घरातला बंडखोर आहे त्यांच्याच भरवशावर तो बसवण्याचे काम सोडले होते. पॅनेलचा सामाईक खर्च चौघांत विभागला जातो आणि प्रत्येकाला आपला हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. प्रचाराचे सामाईक साहित्य छापण्याआधी ‘पुतण्या माघार घेईपर्यंत माझा वाटा नाही’ असे सांगण्याची ताकद ताई आणि ‘ब’ ची उमेदवार मिळून दाखवू शकल्या असत्या. अर्थात त्याने पॅनेलच फुटले असते, असेही प्रभागातल्या काहींचे मत आहे, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही.

केंद्रांवरची माणसे हा मुद्दा मात्र वादाचा नाही. चार सदस्यांच्या प्रभागात पॅनेलचा प्रतिनिधी हा चौघांचा असतो असे म्हणतात. प्रत्यक्षात तो ज्याने आणला त्याचा असतो. प्रत्येक उमेदवाराला स्वतःचा मतदान प्रतिनिधी नेमता येतो. ताईंकडे मुलाखतीच्या वेळी २२ केंद्रांची नावे होती. पॅनेल एक झाल्यावर खर्च वाचवायला त्यातली अर्धी माणसे सोडली, आणि नऊ केंद्रांत चौथे बटण कोणते सांगितले जाते हे बघायला आपले कोणी उरले नाही. निदान प्रत्येक केंद्राबाहेर दोन बायका, हातात चारही जागांची नमुना मतपत्रिका, एवढे ठेवणे शक्य होते. चाळीस बचत गट पाठीशी असताना साठ बायका जमवणे अवघड नव्हते.

शेजारच्या प्रभागाचा पर्याय नाकारण्यावर मतभेद आहेत. पक्षातल्या काही महिला पदाधिकारी म्हणतात की ताई सभागृहात असणे जास्त मोलाचे होते. शेजारची नगरसेविका निवडून आली आणि पुढे तिच्या भागातून ताईंच्या गटांना मदत झाली, हे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते.

विधानसभा-लोकसभेत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती लागू होईल तेव्हा तिथेही राखीव जागा पुढच्या प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरणार आहेत. एकदा निवडून आलेल्या आमदारबाईंपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येईल: मतदारसंघ खुला झाला, आता तिकीट कोणाला?

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. त्या वर्षी आधी तीन सदस्यांचे प्रभाग पाडले गेले, ऑगस्टमध्ये तो निर्णय फिरवून २०१७ ची रचना परत आणायचे ठरले. ताईंनी तोवर तक्रारवही प्रभागानुसार ठेवणे बंद केले होते. आता ती गल्ली आणि यादीच्या भाग क्रमांकानुसार लावलेली आहे. हद्द कशीही बदलली तरी कोणती केंद्रे आपली हे एका दिवसात काढता येते.